आधी मुलाचं वाक्य लिहा

या वेळची बहुतेक पत्रं शिक्षकांची आहेत आणि त्यांची अडचण एकच आहे: विषय आणि भाषा एकाच तासात कशी शिकवायची, आणि त्याचं टाचण कसं करायचं. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, नंतर शिक्षकांच्या शेजारी बसून त्यांची टाचणं घडवण्याचं काम केलं. पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा देते आहे. बाकीची उत्तरं त्याच्याच आधारानं वाचावीत.

प्रश्न: ताई, मी सहावीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. प्रशिक्षणात सांगितलं, की प्रत्येक टाचणात विषयाच्या उद्दिष्टाबरोबर भाषेचं उद्दिष्टही लिहायचं. मी रोज ‘नवीन शब्द समजून घेणे’ असं लिहिते. टाचणावर सही होते, पण वर्गात काही बदलत नाही. पुढच्या आठवड्यात बाष्पीभवनाचा पाठ आहे. नेमकं काय लिहू?

उत्तर: ‘नवीन शब्द समजून घेणे’ हे मी असंख्य टाचणांत वाचलं आहे. अडचण अशी, की तास संपल्यावर ते साधलं की नाही हे तुम्हाला कळणार कसं? भाषेचं उद्दिष्ट असं हवं, की वर्गात फिरताना ते तुमच्या कानावर पडलं पाहिजे, नाहीतर वहीत दिसलं पाहिजे.

म्हणून टाचणाची वही मिटा आणि एक कोरा कागद घ्या. वर्गातली एखादी मधली मुलगी डोळ्यांसमोर आणा, सर्वात हुशारही नाही आणि अगदी मागे पडलेलीही नाही. तास संपताना तिच्या वहीत काय लिहिलेलं तुम्हाला बघायचं आहे? ते तिच्या तोंडचं म्हणून लिहून काढा. बाष्पीभवनासाठी मी असं लिहीन:

‘दोन्ही थेंब सारखेच होते. पसरलेला थेंब आधी सुकला, कारण त्याचा जास्त भाग हवेला उघडा होता. न पसरलेला थेंब उशिरा सुकला. यावरून कळतं, की पृष्ठभाग जितका जास्त, तितकं बाष्पीभवन लवकर होतं.’

आता या चार वाक्यांकडे भाषेच्या नजरेनं पाहा. पारिभाषिक शब्द दोनच आहेत, पृष्ठभाग आणि बाष्पीभवन. ते पुस्तकात ठळक छापलेले असतात, तुम्ही फळ्यावर लिहिता, मुलं वहीत उतरवतात. पण मूल अडतं ते दुसरीकडेच. ‘सारखेच’ म्हटल्याशिवाय तुलना न्याय्य होती हे सांगता येत नाही. ‘कारण’नं दोन घटना जोडल्या नाहीत तर उरतं ते नुसतं निरीक्षण. ‘यावरून कळतं, की’ म्हटलं, की निरीक्षणातून निष्कर्षाकडे पाऊल पडतं. आणि ‘जितका... तितकं’ या जोडीशिवाय हा निष्कर्ष मांडणं फार अवघड आहे. ज्या मुलीच्या घरी मराठी नाही, तिला या जोडीत आणखी एक गाठ सोडवावी लागते: पृष्ठभाग जितका, पण बाष्पीभवन तितकं. हे शब्द कोणी ठळक छापत नाही, आणि या धड्याचं सगळं विज्ञान त्यांच्यावरच उभं आहे.

स्नो, मेट आणि जेनेसी या अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक भेद मांडला होता, तो टाचण करताना फार उपयोगी पडतो. एक भाषा अशी, की तिच्याशिवाय तो धडा पुढे सरकूच शकत नाही. दुसरी अशी, की ती धड्यासाठी अडून नाही, पण धड्याच्या निमित्तानं सहज शिकवता येते. तुमच्या धड्यात वरची पाचसहा अंगं पहिल्या गटातली. ‘ओलसर’, ‘दमट’, ‘कोरडं’ ही विशेषणं दुसऱ्या गटातली. वेळ असेल तर घ्या, नसेल तर सोडून द्या. टाचणात दोन्ही गट एकाच यादीत कोंबले, की शिक्षकाची दमछाक होते आणि मुलांच्या हाती काही लागत नाही.

आता तुमचं उद्दिष्ट असं होईल: ‘प्रयोगातला निष्कर्ष विद्यार्थी कारण आणि जितका-तितका वापरून आधी तोंडी सांगतील, मग लिहितील.’ हे ऐकू येतं, दिसतं, तपासता येतं.

उद्दिष्ट लिहून झालं, की तासाची आखणी. ओला रुमाल वाळायला एक तास पुरत नाही, म्हणून थेंबांचा प्रयोग घ्या. वर्गाचे तीन गट करा. प्रत्येकाला दोन सारख्या पाट्या आणि ड्रॉपर द्या, दोन्ही पाट्यांवर सारखेच थेंब. पहिल्या गटानं एका पाटीवरचा थेंब बोटानं पसरायचा. दुसऱ्यानं थेंब न पसरता एका पाटीला वहीनं वारा घालायचा. तिसऱ्यानं एक पाटी उन्हात ठेवायची, दुसरी सावलीत. तिन्ही गटांचे प्रयोग वेगळे ठेवायचे, आणि त्याला कारण आहे.

पॉलीन गिबन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासिकेनं चुंबकाचे पाठ शिकणाऱ्या वर्गांत बसून मुलांच्या बोलण्याचा बारकाईनं अभ्यास केला. हातात वस्तू असताना मुलं ‘हे चिकटतं, ते नाही’ एवढंच बोलतात, कारण बोट दाखवून काम भागतं. तीच मुलं प्रयोग न पाहिलेल्यांना सांगायला उभी राहिली, की बोट दाखवून भागत नाही. कोणती वस्तू, कशाकडे ओढली गेली, हे शब्दांत आणावं लागतं. त्यानंतर लिहायची पाळी येते, आणि तोपर्यंत लिहिण्याची भाषा तोंडात बसलेली असते. तुमच्या तीन गटांचं प्रयोजन हेच. वाऱ्याचा प्रयोग पसरणाऱ्यांनी पाहिलेला नाही, म्हणून त्यांना तो खरोखर ऐकायचा आहे. आणि तिन्ही गटांना एकच साचा लागतो: वारा जितका जास्त, तापमान जितकं जास्त, पृष्ठभाग जितका जास्त, तितकं बाष्पीभवन लवकर. एकाच तासात तो तीनदा येतो, तीनही वेळा खऱ्या कामासाठी, आणि जितका-जितकंचा सरावही होऊन जातो.

या सांगण्याच्या टप्प्यावर तुमचं काम सर्वात नाजूक आहे. एका वर्गात ऐकलेला संवाद देते.

‘पसरलेलं पाणी पटकन गेलं.’
‘कुठे गेलं?’
‘हवेत.’
‘म्हणजे त्याचं काय झालं?’
मुलगा थांबला. शिक्षिकाही थांबली. तिनं ना उत्तर दिलं, ना दुसऱ्या हाताकडे पाहिलं.
‘बाष्पीभवन... झालं. पसरलं म्हणून लवकर झालं.’
‘छान. आता हेच फळ्यावरच्या साच्यात बसवून सांग.’

मधली ती शांतता टाचणात लिहून ठेवण्याजोगी आहे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेली की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाला तर आधी उत्तर शोधायचं असतं आणि मग त्यासाठी वाक्य.

फळ्यावरचा साचा, ‘___ जितका/जितकी/जितकं जास्त, तितकं बाष्पीभवन ___’, लिहायला बसण्याआधी अर्धा पुसा. ‘जितका’ आणि ‘तितकं’ राहू द्या, बाकीचं मुलांनी भरायचं. शेवटच्या पाच मिनिटांत सगळाच पुसा. ज्यांना अजून हवा आहे त्यांना छोट्या चिठ्ठीवर द्या. आधार कधी काढून घ्यायचा हे टाचणात लिहिलेलं नसेल तर तो वर्षभर फळ्यावरच राहतो.

प्रश्न: मी मुख्याध्यापक आहे. विषय चांगला शिकवला तर भाषा आपोआप येते, असा माझा अनुभव आहे. मग शिक्षकांवर हे जादा ओझं कशासाठी?

उत्तर: काही भाषा आपोआप येते, हे खरं आहे. पण कुठे येऊन थांबते, हेही पाहिलं गेलं आहे. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे १९६५ मध्ये इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि मग तो देशभर पसरला. अशा वर्गांतल्या मुलांचं विषयज्ञान उत्तम राहिलं, ऐकून आणि वाचून समजणं फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचलं. पण अनेक वर्षं फ्रेंचमधून शिकूनही बोलण्यात आणि लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्याच. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचं एक मोठं कारण दाखवलं: मुलांना भरपूर ऐकायला मिळत होतं, पण लांब, नेमकं बोलायची गरज फारशी पडत नव्हती. एकदोन शब्दांच्या उत्तरानं भागत होतं.

तुम्ही एकच करा. पुढच्या वेळी तास पाहायला बसाल तेव्हा शिक्षक किती छान बोलले याची नोंद करू नका. मुलांच्या तोंडून पूर्ण वाक्यं कोणती आली ती लिहून घ्या आणि तो कागद शिक्षकांना द्या. जादा ओझ्याबद्दल म्हणाल, तर ते कमी करणं तुमच्याच हातात आहे. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिते.

प्रश्न: मैदानावर मुलं झकास मराठी बोलतात, भांडतातसुद्धा मराठीत. मग ‘कारणे द्या’ आलं की पेन का थांबतं? आळस असेल का?

उत्तर: आळस नाही. जिम कमिन्स यांनी कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की रोजच्या बोलण्यातलं सफाईदारपण साधारण दोन वर्षांत येतं, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर चेंडू समोर असतो, हातवारे असतात, ऐकणारा तिथेच असतो. उत्तरपत्रिकेत यातलं काही नसतं. म्हणूनच हे काम एका इयत्तेत उरकत नाही. ‘याचं मराठी चांगलं आहे’ म्हणून ज्याचा आधार तुम्ही काढून घेतला आहे, त्याच्याकडे परत एकदा पाहा.

प्रश्न: मी गणित शिकवतो. आकड्यांना भाषा नसते. भाषेचं उद्दिष्ट माझ्या टाचणात केवळ भरती म्हणून येतं.

उत्तर: हे उदाहरण उद्या वर्गात घालून पाहा: ‘राजूकडे १२ पेन्सिली आहेत. राजूकडे मीनापेक्षा ५ पेन्सिली जास्त आहेत. मीनाकडे किती?’ कित्येक मुलं १७ लिहितील. त्यांना बेरीज येते, वजाबाकीही येते. ‘जास्त’ दिसलं, की त्यांनी मिळवलं. कोणाकडे जास्त हे ‘पेक्षा’ कोणाच्या नावाला चिकटलंय यावरून ठरतं, आणि त्यांचं लक्ष तिथं गेलंच नाही.

तुमच्या टाचणातलं भाषेचं उद्दिष्ट इथेच आहे: ‘दिलेली तुलना विद्यार्थी दोन्ही बाजूंनी सांगतील.’ राजूकडे मीनापेक्षा ५ जास्त. म्हणजे मीनाकडे राजूपेक्षा ५ कमी. आकडेमोड सुरू करायच्या आधी जोडीत बसून पाच मिनिटं हे उलटसुलट करू द्या. एकानं एका बाजूनं सांगायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी मिळून दोन पट्ट्या काढायच्या, एक लांब आणि एक आखूड. कोणती पट्टी कोणाची यावर जो वाद होईल, तो होऊ द्या. ‘पट’, ‘उरले’, ‘प्रत्येकी’, ‘किमान’ हेही असेच शब्द आहेत, आणि प्रत्येकाला एकेका तासाचं मोल आहे.

प्रश्न: धड्याची भाषा जड असते. मी सोप्या शब्दांत सारांश लिहून देतो आणि मुलं तो पाठ करतात. योग्य आहे का?

उत्तर: तुमची कळकळ समजते, पण पुस्तकाची भाषा मुलांच्या वाट्याला आलीच नाही तर ती वाचायला शिकणार केव्हा? पूर्ण धडा नको, त्यातलं एक घट्ट वाक्य निवडा. समजा असं: ‘पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात वाढ झाल्यास बाष्पीभवनाचा वेग वाढतो.’ फळ्यावर लिहा आणि विचारत जा. काय वाढलं? त्यामुळे काय झालं? आधी कोणतं? ‘वाढ झाल्यास’ हे तू घरी कसं म्हणशील? हळूहळू मुलंच म्हणतात, ‘म्हणजे जागा वाढली तर पाणी लवकर सुकतं.’ मग उलट करा, त्यांचं बोलीतलं वाक्य पुस्तकी करायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. हे वाचन प्रयोगानंतरच ठेवा. काय घडलं ते माहीत असलं, की वाक्य उलगडतं.

प्रश्न: गटात मुलं आपापल्या घरच्या भाषेत बोलतात. थांबवू का?

उत्तर: थांबवू नका, पण त्या बोलण्याला टाचणात जागा द्या. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात हेच शिस्तीत बसवलं: एका भाषेत वाचायचं किंवा ऐकायचं, त्याबद्दल दुसऱ्या भाषेत लिहायचं किंवा बोलायचं. तुमच्या वर्गात प्रयोगाचा अंदाज आणि वादावादी घरच्या भाषेत होऊ द्या, आणि वर्गासमोरचं सांगणं ठरलेल्या भाषेत. कधी कोणती भाषा हे मुलांना आधीच सांगा. गटात एकाच घरच्या भाषेची दोन मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवा. एकटं मूल असेल तर त्याला चित्र काढून मत मांडू द्या.

प्रश्न: उत्तर बरोबर पण भाषा चुकीची, अशा वेळी विज्ञानाचे गुण कापायचे का?

उत्तर: ‘पाण्याची वाफ झाला’ असं लिहिणाऱ्या मुलाला विज्ञान कळलं आहे. त्याचे पूर्ण गुण द्या. पण ‘पाणी लवकर सुकलं म्हणून वारा जास्त होता’ असं लिहिलं असेल तर? कार्यकारण उलटं झालं आहे, आणि ते डोक्यात उलटं आहे की फक्त वाक्यात, हे वहीवरून कळत नाही. त्याला जवळ बोलवा, कागदावर वारा आणि पाटी काढायला सांगा आणि विचारा, ‘आधी काय? बोट ठेव.’ बोट वाऱ्यावर पडलं तर प्रश्न भाषेचा आहे, पाटीवर पडलं तर विज्ञान पुन्हा शिकवायचं आहे. याला अर्धं मिनिट लागतं.

भाषेच्या चुकांपैकी त्या तासाच्या उद्दिष्टात जे होतं तेवढंच तपासा. जितका-तितका शिकवलं असेल तर त्याखालीच रेघ मारा. लाल शाईनं भरलेली वही पाहून मूल पुढच्या वेळी एकच वाक्य लिहितं, सर्वात सुरक्षित असं.

प्रश्न: मी इंग्रजीतून विज्ञान शिकवतो, पण माझंच इंग्रजी कच्चं आहे. भाषा शिकवण्याचा अधिकार मला आहे का?

उत्तर: आहे. भाषेचा तास घेणाऱ्याला सगळी भाषा लागते. तुम्हाला तुमच्या धड्यातली सातआठ वाक्यं लागतात. ती आदल्या दिवशी लिहा, इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या, मोठ्यानं म्हणून पाहा. ‘द लार्जर द सर्फेस, द फास्टर द वॉटर इव्हॅपोरेट्स’ ही धाटणी त्यातलीच, ती मुलांच्या तोंडी येईल अशी योजना करा. सूचनांची वाक्यंही लिहून ठेवा: प्रयोग कसा मांडायचा, केव्हा थांबायचं, कोणी सांगायचं. तासात अडखळायला होतं ते बहुधा सूचना देताना. विषयाची वाक्यं तुमच्या परिचयाचीच असतात.

प्रश्न: रोज पाचसहा तास, शिवाय इतर कामं. प्रत्येक पाठासाठी इतकं लिहायला वेळ कुठून आणू?

उत्तर: प्रत्येक पाठासाठी लिहूच नका. एका घटकातला एक तास निवडा, ज्यात मुलांना कारण द्यायचं आहे, तुलना करायची आहे किंवा निष्कर्ष काढायचा आहे. बाकीचे तास नेहमीसारखे घ्या. त्या एका तासासाठी आदर्श उत्तराची चार वाक्यं लिहा, त्यातले जोडशब्द अधोरेखित करा आणि साचा एका कार्डावर उतरवा. पुढच्या वर्षी ते कार्ड तयार असेल. आणि ‘कारण’, ‘यावरून कळतं’, ‘जितका-तितका’ हे साचे इतर विषयांतही लागतातच, म्हणून भूगोलाच्या बाई तुमचं कार्ड मागून नेतील.

मुख्याध्यापकांना वर म्हटलं ते इथे लागू होतं. विषयशिक्षक आणि भाषाशिक्षक यांची आठवड्यातली एक मोकळी तासिका एकाच वेळी ठेवा. विषयशिक्षकानं आपली चार वाक्यं आणायची, भाषाशिक्षकानं त्यातला एक साचा आपल्या तासात आधी खेळवून द्यायचा. सहावीच्या बाष्पीभवनासाठी भाषेच्या बाईंनी दोन दिवस आधी उंची, वजन, अंतर घेऊन ‘जितका-तितका’चा सराव घेतला, तर विज्ञानाच्या तासाला मुलं साच्यावर अडणार नाहीत आणि थेंबाकडे लक्ष देतील.